गादीवरचं प्लास्टिक

आमच्या भाच्याच्या हैदराबादेतल्या कोंडापूरच्या फ्लॅटमध्ये एक डबल बेड आहे आणि एक सिंगल कॉट. कॉट दुसऱ्या खोलीत. तिच्या गादीवरचं प्लास्टिक सहा वर्षांत निघालेलं नाही. बातमी एवढीच. पण या प्लास्टिकपायी दोन माणसांचं कॅनडाला जाणं अडून बसलंय, म्हणून आजचं सदर गादीला वाहिलंय.

भाच्याचा ‘रूममेट’ तुम्हाला माहीत आहे. तुमच्याही नात्यात एक असेल. लग्नाकार्यात वाढायला उभा राहतो, म्हातारीला दवाखान्यात नेतो, गॅस संपला की सिलिंडर उचलतो, आणि घरचा फोटो काढायची वेळ आली की सगळे कॅमेरा त्याच्या हातात देतात. आमचा वरंगलचा आहे. माझ्या ताईला पहिल्या दिवसापासून ‘अत्तय्या’ म्हणतो आणि मला ‘मामय्या’. आमचा जन्म काचीगुड्यातला. भाजीवालीशी आम्ही तेलुगूतच भांडतो. अत्तय्या म्हणजे आत्याही आणि सासूही, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून कळतं. मित्राच्या आईला पोरं आंटी म्हणतात. हा गडी सहा वर्षं रोज फोनवर ‘सासूबाई, जेवलात का’ विचारत होता आणि ताई फोन ठेवून म्हणायची, किती संस्कारी मुलगा!

तर कॉट. ती घेतली तेव्हा ताई पहिल्यांदा फ्लॅट बघायला येणार होती. आदल्या रात्री कुकटपल्लीहून टेम्पोतून आणली. दुकानदारानं विचारलं, कोणासाठी, म्हणजे किती वजन धरायचं? भाचा म्हणाला, कोणीच नाही. तेव्हापासून त्या कॉटचा एक विधी ठरलेला आहे. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी प्लास्टिकवर चादर पसरायची. चादर चुरगळायची. उशाशी चार्जर, एक अर्धवट वाचलेलं पुस्तक, आणि कडेला टॉवेल टाकायचा. टॉवेल ओला करून टाकायचा, कारण कोरडा टॉवेल बोलतो. नांदेडची मावशी एकदा खरोखरच त्या कॉटवर झोपली. सकाळी म्हणाली, रात्रभर काहीतरी कुरकुरत होतं. भाच्यानं सांगितलं, वरच्या मजल्यावरचे. मावशीला पटलं. आमच्या घराण्यात माणसं पटवून घ्यायला कायम तयार असतात, फक्त सांगणाऱ्यानं थोडी मेहनत घ्यावी.

आता कॅनडाचं असं आहे, की त्यांना मेहनत चालत नाही. त्यांच्या इमिग्रेशनच्या नियमांत २००२ पासून लग्नाशिवायच्या जोडीदाराला जागा आहे, मग दोघं पुरुष का असेनात. अट एकच, सलग बारा महिने संसार करून राहिलेले असावेत. त्याचा एक शपथेवरचा फॉर्मही आहे, ५४०९ नंबरचा. सोबत पुरावे जोडायचे: दोघांच्या नावचा भाडेकरार, जॉइंट खातं, एकाच पत्त्याची बिलं, घरच्यांबरोबरचे फोटो, नातेवाइकांची पत्रं. आणि ‘मी एकटाच’ असं लिहून आज सुटका करून घेतली, तर पुढे त्याला जोडीदार म्हणून बोलावायचं दारच बंद होतं. वर खोटं उघडकीला आलं तर पाच वर्षं बंदी. म्हणजे इथं खरं सांगितलं तर घर जातं आणि तिथं खोटं सांगितलं तर देश जातो.

अमीरपेटच्या सल्लागारानं ही यादी वाचून दाखवली तेव्हा भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. यातली एकेक गोष्ट त्यानं सहा वर्षं बसून, निगुतीनं, पुरावा राहणार नाही अशी पुसलेली होती. फोनमध्ये रूममेटचं नाव ‘गॅस बुकिंग’ म्हणून. चॅट चोवीस तासांत आपोआप उडणारं. आधार कार्डावर अजून काचीगुड्याचा पत्ता. आणि घरच्यांबरोबरचे फोटो म्हणाल, तर आमच्याकडे सहा वर्षांचे चार-पाचशे फोटो निघाले. एकातही तो नाही. सगळे त्यानेच काढलेत.

भाडेकरारावरही नाव एकट्या भाच्याचं. आणि तोही अकरा महिन्यांचा. आपल्या देशात भाडेकरार अकरा महिन्यांचाच असतो, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यानं वर्षावरचा करार नोंदवावा लागतो, आणि नोंदणी म्हटलं की मालकाच्या छातीत कळ येते. म्हणून अकरा. कॅनडा मागतो बारा. आता यांना कोण समजावणार, की भारतात सलग बारा महिने कायद्यानं कोणीच कुठं राहत नाही! आपण सगळे अकरा महिने राहतो. मग मालक भाडं दहा टक्क्यांनी वाढवायचं की बारा टक्क्यांनी, यावर महिनाभर विचार करतो, आणि तो महिना आपण हवेत काढतो. भाच्याकडे असे सहा करार आहेत. सहा करारांचे ६६ महिने, सहा वर्षांचे ७२. उरलेले सहा महिने ही दोघं कुठं होती, असं तिकडच्या अधिकाऱ्यानं विचारलं तर काय सांगायचं? मालकाला म्हटलं, दोघंही राहतात एवढं एका कागदावर लिहून द्या. तो म्हणाला, मी फ्लॅट बॅचलरला दिलाय, माझ्या रेकॉर्डला बॅचलरच राहू दे. वर जाताना भिंतीकडे बघून विचारतो, खिळे ठोकले का? हा खिळ्यांचा प्रश्न मला चाळीस वर्षं छळतोय. माझ्या पहिल्या भाड्याच्या घरात चार खिळ्यांपायी डिपॉझिटमधून तीनशे रुपये कापले होते, त्यातले दोन खिळे त्या मालकाच्याच बापानं ठोकलेले, एकावर त्याचाच हार घातलेला फोटो होता. भाडेकरू कोण आहे, कोणाबरोबर आहे, सुखात आहे का, यातलं काही यांना नको असतं. भिंत तेवढी कोरी हवी. देश म्हणून आपलं धोरणही यापेक्षा वेगळं कुठं आहे?

जॉइंट खातं मात्र निघालं. २०२४ च्या ऑगस्टात तसं रीतसर स्पष्टीकरणच आलं होतं, की अशा जोडप्यांना एकत्र खातं उघडायला काही बंदी नाही. बंदी नव्हतीच म्हणे. फक्त कोणी सांगितलं नव्हतं. कारकुनानं फॉर्मवर ‘नातं’च्या रकान्यात काय लिहू विचारलं, भाचा दोन मिनिटं गप्प, तर त्यानं स्वतःच ‘इतर’वर टिक केली. इतर! गॅस बुकिंगपेक्षा ही बढतीच म्हणायची.

तुम्ही म्हणाल, सरळ लग्न का करत नाहीत? करतील की. १८६० च्या कायद्यातलं ३७७ कलम त्यांच्यापुरतं ६ सप्टेंबर २०१८ ला गळालं, म्हणजे गुन्हेगार नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, लग्नाचा हक्क नाही, काय ते कायदा करणाऱ्यांनी बघावं. म्हणजे नवरेही नाहीत. गुन्हेगार नाही, नवरा नाही, मग उरलं काय? रूममेट. दीडशे वर्षांहून जास्त काळ खल करून आपण या शब्दाशी पोचलो. मग कोणी सुचवलं, बँकॉकला जाऊन लग्न लावा, थायलंडात २३ जानेवारी २०२५ पासून लागतं. पण तिथंही परदेशी माणसाला आपल्या वकिलातीकडून अविवाहित असल्याचा कागद न्यावा लागतो. म्हणजे इथं मालकापुढे बॅचलर, तिथं लग्न लावणाऱ्यापुढे बॅचलर. आणि दोन पुरुष बँकॉकला निघाले म्हटल्यावर काचीगुड्यात लोक डोळे मिचकावून जे समजतात ते वेगळंच. चार माणसांत उजळ माथ्यानं सांगण्यासारख्या कामाला बँकॉकला निघालेले हे आमच्या गल्लीतले पहिलेच दोघं असते, आणि सांगायचीच चोरी.

मला राग याचा येतो, की पुरावा मागितला जातो तो यांच्याकडे. मागच्या वर्षी आमच्याच नात्यात एक लग्न झालं. मुलगा डॅलसहून अकरा दिवसांच्या रजेवर आला (पुन्हा अकरा). बंजारा हिल्सला एका कॉफीच्या दुकानात दोघं चाळीस मिनिटं भेटली, त्यातली दहा पार्किंगमध्ये गेली. नवव्या दिवशी फंक्शन हॉलात साडेसहाशे पानं उठली. ड्रोननं वरून शूटिंग केलं. त्या मुलीला नवऱ्याला चहात साखर किती लागते हे माहीत नव्हतं, पण तिच्या फाइलीत तीनशे फोटोंचा आल्बम होता, सर्टिफिकेट होतं, आणि व्हिसा झटक्यात आला. यांना मात्र सहा वर्षं एका ताटात जेवल्यावर विचारा, की तुमचं नक्की काय आहे? यानं त्याला डेंग्यूतून अकरा रात्री जागून काढलं, तर दवाखान्याच्या कागदावर सही कोणाची? वरंगलहून बोलावून आणलेल्या चुलतभावाची. चुलतभाऊ सही करून रात्रीच्या गाडीनं परत गेला. पुरावा त्याच्या नावावर जमा.

उलट्या बाजूनंही तेच. बरकतपुऱ्यातल्या एका स्नेह्यांच्या मुलाचा नवरा डच आहे. तिथं ही लग्नं २००१ पासून लागतात, तेव्हा सर्टिफिकेट वगैरे सगळं चोख. दर डिसेंबरात जावईबापू सासरी येतात ते टूरिस्ट व्हिसावर. त्या व्हिसावर काय काय करता येतं याची यादी आहे: स्थळदर्शन, मित्र-नातेवाइकांची भेट, आणि थोड्या मुदतीचा योगवर्ग. बाई असता तर लग्नाला दोन वर्षं झाल्यावर जन्मभर ये-जा करू देणाऱ्या ओसीआय कार्डाला अर्ज टाकता आला असता. कायद्यातला शब्द नुसता ‘स्पाउस’ आहे, त्यात मिशा असू नयेत असं कुठं लिहिलेलं नाही. पण तूर्तास हा गृहस्थ योगासनांच्या शेजारच्या रकान्यात सासुरवाडी करतो.

आता आमच्या घरचं. मी म्हणत होतो, ताईला सांगितलं की घर डोक्यावर घेईल. भाच्यानं तिला समोर बसवून सगळं सांगितलं, रडला बिडला. ताईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे कॅनडाचा पीआर दोघांना एकदमच मिळेल? मग आठवड्याभरात घरात क्रांती झाली. जे जातीबाहेरच्या सुनेला अकरा वर्षं दाराबाहेर ठेवणारे, ते भाऊजी सल्लागाराला फोन करून विचारतात, आमचं पत्र इंग्रजीत चालेल का? नांदेडच्या मावशीनं कुरकुरणाऱ्या रात्रीचा उल्लेख करून साक्ष द्यायची तयारी दाखवली. माणूस म्हणून जे पचलं नाही ते फाइल म्हणून दोन घासांत खाली गेलं. ताई तर चिलकूरला जाऊन व्हिसा बालाजीला अकरा प्रदक्षिणा घालून आली. तिथं हुंडी नाही, फॉर्म नाही, नातं कोणी विचारत नाही. मागताना अकरा, मिळालं की १०८. बालाजीलाही अकराच पुरतात. बाराचा हट्ट एकट्या कॅनडाचा.

मग घराचे फोटो काढायचे ठरले, एकत्र संसार दिसेल असे. सल्लागार म्हणाला, ती दुसरी कॉट आधी हलवा, शंका येते. शनिवारी कॉट लिफ्टमधून खाली पार्किंगमध्ये गेली. रविवारी वरंगलचे लोक येणार होते, त्यांना अजून काही सांगितलेलं नाही, म्हणून कॉट वर आली, चादर चुरगळली, टॉवेल भिजला. सोमवारी ते गेले, कॉट खाली. मंगळवारी त्यांचा विसरलेल्या छत्रीसाठी फोन आला, कॉट वर. लिफ्टमध्ये ती तिरपी धरावी लागते, त्यात माझं बोट चेमटलं. चौथ्या फेरीला वॉचमन पुढे झाला. म्हणाला, “कायकू उठाते साब, छे साल से देखरूं मैं, इसका पिलास्टिक बी नै निकला.”

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. सहा वर्षांत दोघांनी एक पुरावा चुकून जपला होता, तो हा. मी तिथंच पार्किंगमध्ये गादीचे फोटो काढले. कारखान्याचं लेबल, त्यावरचा महिना आणि साल, चिकटपट्टी जशीच्या तशी. ते फाइलीत गेले. मामा म्हणून मला जे पत्र द्यायचं होतं त्यात मी प्रेम, निष्ठा वगैरे काही लिहिलं नाही, मला ते जमतही नाही. एवढंच लिहिलं, की सोबतच्या गादीवर आजवर एक रात्र एक मावशी झोपली आहे.

फाइल गेली. फ्लॅट या महिन्यात सोडायचाय, मालकानं बाहेर ‘फक्त फॅमिली’ची पाटी लावलीय आणि भिंती तपासून गेलाय. कॉट विकायला काढली, जाहिरात मीच लिहिली: सिंगल कॉट गादीसकट, न वापरलेली. परवा गच्चीबावलीत नोकरी करणाऱ्या दोन मुली बघायला आल्या, एक परभणीची, एक विजयवाड्याची. भावात घासाघीस नाही, काही नाही. गादी आतून कशी आहे ते दाखवावं म्हणून मी चिकटपट्टीला नख लावलं, तर दोघी एकदमच म्हणाल्या, “काका, ते राहू द्या.”