आबासाहेबांची टू-टू

पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी चौकशी करा, एक आबासाहेब सापडतातच. वय सत्तरीच्या आसपास, बऱ्यापैकी ऊस, सोसायटीचं माजी चेअरमनपद आणि लोखंडी कपाटात वडिलांकडून आलेली पॉइंट टू-टू बोअरची जुनी रायफल. तिला नुसतं 'रायफल' म्हटलेलं चालत नाही. ती 'ब्रनो'. "आमच्याकडं ब्रनो आहे" हे वाक्य आबासाहेब ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात इतर लोक "आमचा थोरला कलेक्टर आहे" म्हणतात.

ब्रनो हे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या कारखान्याचं शहर. तिथल्या मशीनगनवरून इंग्रजांनी ब्रेनगन केली आणि ती आपल्या फौजेनं कैक वर्षं वापरली, हे खरं. त्यामुळं आपली टू-टू ही ब्रेनगनची सख्खी चुलत बहीण, ही भर आबासाहेबांची. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या कारखान्यातून ही बोल्ट-ॲक्शनची, पाच काडतुसांच्या मॅगझिनची सुबक रायफल निघाली, त्यातली एक वडिलांनी घेतली. वडिलांनी तिनं ससे आणि तित्तर यांच्यापलीकडं काही पाडल्याचा पुरावा नाही. आबासाहेब सांगतात तेव्हा मात्र रानडुक्कर असतं. श्रोता पुण्या-मुंबईचा असला की त्याचं अस्वल होतं.

पुढं 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि शिकार संपली. आबासाहेबांच्या हाती रायफल आली तेव्हा तिनं मारण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. परवान्यावर 'पीक संरक्षण' असं कारण लिहिलेलं आहे, पण उसाचा खरा शत्रू हुमणी, आणि हुमणीवर टू-टू चालत नाही. मग त्यांनी जे करता येण्यासारखं होतं ते सुरू केलं. दुरुस्ती.

सकाळचा चहा झाला की सोप्यावर कालचा पेपर अंथरला जातो. बोल्ट बाहेर येतो. चिंदी, गज, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणि जवसाचं तेल अशी मांडामांड होते. चिंदी हा शब्द एन.सी.सी.त रायफल पुसलेल्यांना शिकवायला नको. जवसाचं तेल दस्त्याला. वहिनींनी चटणीसाठी आणलेले जवस घाण्यावर गेले, तेव्हापासून त्या घरात जवस कुलपात असतो. रायफलही कुलपातच असते. दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडं आहेत.

नळी साफ करण्यावरून आबासाहेबांचं शेजारच्या निवृत्त सुभेदारांशी जुनं वैर आहे. टू-टूची गोळी मऊ शिशाची, वर मेणाचा किंवा चरबीचा हात. चार गोळ्या गेल्या की त्याचा पातळ थर नळीत बसतो आणि मगच रायफल एका जागी मारू लागते. म्हणून सुभेदार म्हणतात, "आबा, हात लावू नका. नळी गोळीनं झिजत नाही, गजानं झिजते." यात तथ्य आहे. तोंडाकडून गज घालून घालून लोकांनी चांगल्या नळ्यांच्या कडा घालवल्या आहेत. पण फार पूर्वीच्या काडतुसांतल्या मसाल्यानं नळीत क्षार राहायचे, रात्रीत गंज चढायचा, म्हणून वडील त्याच संध्याकाळी नळी पुसायचे. तो मसाला इतिहासजमा झाला. पुसणं मात्र परवान्याबरोबर वारसाहक्कानं आलं.

कायद्यानं बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक मिस्त्रीनंच करायची असते. आबासाहेब कायदा काटेकोर पाळतात. दुरुस्ती मिस्त्री करतो, आबासाहेब ती फक्त समोर स्टुलावर बसून करवून घेतात.

"मिस्त्री, चाप जड लागतोय."

"आबा, मागं हलका केला, तवा तुम्हीच म्हणालासा, लई हलका झाला."

"तवा हलका होता. आता जड झालाय."

"मधी उडवलीसा काय?"

"न उडवताच झालाय."

मिस्त्री रायफल आत नेतो, फडक्यानं पुसतो, दोन चहा सांगतो आणि बाहेर आणून देतो. आबासाहेब डोळे मिटून चाप ओढतात. "आता कसा!" म्हणतात. मिस्त्रीच्या निम्म्या धंद्यात हात काळे होत नाहीत, तो हा धंदा.

चाप ओढताना चेंबरमध्ये वापरलेल्या काडतुसाचं रिकामं टोपण घातलेलं असतं, हे सांगायला हवं. टू-टूच्या काडतुसात मसाला मध्ये नसतो, बुडाच्या कडेत भरलेला असतो. फायरिंग पिन कडेवर आपटते. रिकाम्या रायफलीचा चाप ओढला तर पिन जाऊन थेट चेंबरच्या ओठाला खोक पाडू शकते. मग तिथं बारीक कंगोरा उठतो आणि टोपण बाहेर निघायला रडतं. आबासाहेबांच्या धाकट्या भावानं एका दिवाळीत नेमकं हेच केलं होतं. मिस्त्रीनं कंगोरा दाबून बसवला, चेंबर पूर्ववत झालं. भावांचं बोलणं अजून सुरू झालेलं नाही.

खरा हंगाम पावसाळ्याचा. आषाढ लागला की दस्त्याचं अक्रोडी लाकूड फुगतं आणि नळीला चिकटतं. नळीला लाकूड टेकलं की गोळी वेगळीकडं जाते, म्हणून नळी आणि लाकूड यांच्यामधून कागद फिरवून बघायचा असतो. आबासाहेब त्यासाठी पाहुण्याकडं दहाची नोट मागतात. नोट मध्येच अडकते. मग दस्त्याचे दोन स्क्रू ढिले करायचे, पुन्हा आवळायचे, पाव फेरा कमी, पाव फेरा जास्त. आवळण्यात फरक पडला तरी नेम हलतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आणि म्हणूनच घातक. कारण पाव फेऱ्याला अंत नाही.

एवढ्यात रायफल जरा बरी व्हायला येते, तोवर आचारसंहिता लागते. हत्यारं ठाण्यात जमा करा, अशी नोटीस घरी. 2024 साली मे महिन्यात लोकसभा झाली, नोव्हेंबरात विधानसभा. ब्रनो दोनदा जाऊन आली. ठाण्याच्या खोलीत ओल असते आणि हवालदारांना आपापली कामं असतात. परत आणली की बोल्टवर तांबूस ठिपके. लोकशाहीवर आबासाहेबांचा एवढा एकच राग आहे. खरं तर लोकशाहीचे त्यांनी आभार मानायला हवेत. निवडणुका नसत्या तर दुरुस्ती एव्हाना संपली असती.

त्याच वर्षी 1 ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांनी ऑलिंपिकचं कांस्य जिंकलं. ही स्पर्धा टू-टूचीच. आबासाहेबांनी पेढे वाटले. पेढा देताना 'बोअर तोच' एवढंच म्हणायचे. पन्नास मीटरवरच्या लक्ष्याचं दहाचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं असतं, हेही त्यांनी गावाला पाठ करून दिलं. मग रीतसर परवाना खिशात घालून ते रेंजवर गेले. शेजारी पोरंपोरी जर्मन रायफली घेऊन आडवी झालेली. आबासाहेबांनी पाच गोळ्या मारल्या. शेजारच्या मुलीनं दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, पाची एका जागी आहेत की! बेस्ट आहे तुमची रायफल."

आबासाहेबांचा चेहरा पडला. जेवणावर वासना नव्हती. दोन दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की दोष काडतुसांत असणार, रायफल बिघडलेली असून काडतुसं ते झाकतायत. आता ते काडतुसांच्या बुडाच्या कडेची जाडी मोजून वाटे करतात. सगळी मोजून झाल्याशिवाय एकही उडवायचं नाही, असा नियम आहे. वजनही करायचं होतं, पण सोनारानं काट्यावर काडतूस ठेवू दिलं नाही.

तुमच्या गावच्या आबासाहेबांकडं जाणार असाल तर सवड काढून जा आणि 'आता ठणठणीत झाली' असं चुकूनही म्हणू नका, ते लगेच स्क्रू-ड्रायव्हर मागवतील. दहाची नोट मात्र जपून द्या. एकदा नळीखाली गेली की निवडणुकीशिवाय परत मिळत नाही.