पुढे चढ नाही

साताऱ्याला समुद्र नाही, पण चौपाटी आहे. राजवाड्यासमोर गांधी मैदानावर संध्याकाळी गाड्या लागतात, पावभाजीचे तवे वाजायला लागतात आणि लाटांच्या जागी समोर अजिंक्यतारा उभा असतो. पाहुण्यांना याचं नवल वाटतं, सातारकराला वाटत नाही. रविवारी भल्या पहाटे मात्र या चौपाटीवर गाड्यांऐवजी सायकली लागलेल्या असतात. त्यांच्या मधोमध गळ्यात शिट्टी, डोक्यावर हेल्मेट आणि हातात झेरॉक्सची गुंडाळी घेऊन एक गृहस्थ घड्याळाकडे बघत असतात. हे सर.

कशाचे सर, हे विचारायचं नसतं. कुणी बँकेतून निवृत्त झालेले असतात, कुणी पाटबंधारे खात्यातून. एखादे खरोखरच शाळेत भूगोल शिकवायचे. हेरिटेज राइड सुरू केली की माणूस आपोआप सर होतो. ज्या गावात एखादा वाडा पडायला आलाय आणि आठ-दहा जणांकडे गिअरच्या सायकली आहेत, तिथे एक सर असतातच. वाईला असतात, कऱ्हाडला असतात. पण या जातीचे अस्सल नमुने पाहायचे तर साताऱ्यात आणि सांगलीत. एकाला चढाने घडवलंय, दुसऱ्याला पुराने.

आधी साताऱ्याचे घेऊ, कारण त्यांना आधी घेतलं नाही तर राग येतो.

पोशाखात सरांनी दोन युगांचा समेट घातलेला आहे. अंगात पाठीवर ग्रुपचं नाव असलेली चकचकीत जर्सी. खाली दुकानदाराने गळ्यात मारलेली पॅडची तंग चड्डी, आणि पेठेतून जाताना ओळखीच्या काकू दिसतात म्हणून त्या चड्डीवर साधी खाकी हाफ पँट. हँडलच्या पिशवीत पंप, पंक्चरचं सामान, इलेक्ट्रॉलची पाकिटं, चार केळी आणि लॅमिनेट केलेले जुने फोटो. पंप हरवला तर सर शेजाऱ्याचा मागतील. फोटो विसरले तर राइड रद्द.

आदल्या रात्री ग्रुपवर संदेश येतो. 'उद्या सकाळी ठीक ५.४५. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही. अंतर १२ किमी. सर्वांसाठी सोपी राइड. पुढे चढ नाही.' यातली शेवटची तीन वाक्यं साफ खोटी असतात. दुसरंही तसं खरं नसतं, कारण सर मुळात थांबण्यासाठीच निघालेले असतात.

साताऱ्यात चढ नाही असं म्हणायला छाती लागते. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ मध्ये किल्ल्यावर झाला आणि मग किल्ल्याच्या पायथ्याला, म्हणजे शुद्ध उतारावर, त्यांनी हे शहर वसवलं. इथला माणूस पत्ता सांगतानाच 'वरच्या रस्त्याला' आणि 'खालच्या रस्त्याला' असं सांगतो. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे निघालात की मांड्या भरून यायला लागतात. मागून कुणीतरी केविलवाण्या आवाजात ओरडतं, 'ओ सर, हाय का अजून?' आणि पुढून प्रसन्न उत्तर येतं, 'हा संपला की संपलाच. पुढे चढ नाही.'

यामागे धोरण आहे. सरांना इतिहास सांगायचा असतो आणि घरात तो कुणी ऐकत नाही. व्याख्यान ठेवलं तर लोक चहापर्यंत बसतात आणि मागच्या दाराने सटकतात. पण चार भिंतींच्या चढावर छातीचा भाता झालेला माणूस सटकून कुठे जाणार? तो हँडलवर मान टाकून उभा असतो. सर सायकल स्टँडला लावतात, शिट्टी वाजवतात आणि म्हणतात, 'छान. आता थांबलोच आहोत, तर.'

त्या 'तर'नंतर किमान पंधरा मिनिटं जातात.

'या चार भिंती १८३० च्या सुमाराला प्रतापसिंह महाराजांनी बांधल्या. कशासाठी? दसऱ्याची मिरवणूक राजघराण्यातल्या स्त्रियांना इथून दिसावी म्हणून. पुढं हेच १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक झालं. आता मला सांगा, मिरवणूक कुठून कुठं जायची?' असं विचारून ते वर्गात विचारावं तसं एकेकाकडे बघतात. कुणाला माहीत नसतं. माहीत असलं तरी बोलायला श्वास नसतो. मग उत्तरही सरच देतात आणि 'शाब्बास' असंही सरच म्हणतात.

या ग्रुपचे मेंबरही पाहण्यासारखे असतात. एक डेंटिस्ट असतात. त्यांच्या सायकलची किंमत घरात खरी सांगितलेली नसते. त्यांचं सारं लक्ष हँडलवरच्या छोट्या पडद्यावर. सर थांबले की डॉक्टरांची सरासरी घसरते, आणि प्रत्येक पेशव्यामागे ताशी अर्धा किलोमीटर गेला असा हिशेब ते दुःखाने मांडतात. एक काकू मुलाची सायकल घेऊन येतात आणि सगळा चढ एकाच गिअरमध्ये चढतात, कारण मुलाने 'गिअरला हात लावू नको' असं बजावलेलं असतं. त्या सगळ्यांच्या आधी वर पोचतात, हे सरांना आणि डॉक्टरांना दोघांनाही आवडत नाही. आणि एक जण केवळ नाश्त्यासाठी येतो. इतिहासाबद्दल त्याचा एकच प्रश्न असतो, 'मग ते जेवायचे काय?'

जुन्या राजवाड्यापाशी मात्र सरांचा सूर बदलतो. ७ नोव्हेंबर १९०० ला इथल्या शाळेत एका मुलाचं नाव पहिली इंग्रजीत दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. हे सांगताना सर प्रश्न विचारत नाहीत, फोटो दाखवत नाहीत, हेल्मेट काढून हातात घेतात. तेवढ्या दोन मिनिटांत डॉक्टरसुद्धा पडद्याकडे बघत नाहीत. मला वाटतं, सरांना माणूस म्हणून मोजायचं तर इथे मोजावं. उरलेल्या पंचवीस थांब्यांवर नको.

मग संगम माहुली. जाताना खरोखर उतार असतो आणि सर मागे वळून 'बघा, म्हटलं नव्हतं?' असं ऐकवतात. येताना तोच रस्ता काय होणार आहे, यावर ते बोलत नाहीत. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, दगडी घाट, विश्वेश्वराचं देऊळ. शहरात चौपाटी आणि इथे पाणी, अशी साताऱ्याने वाटणी केलीय. पण सरांचा जीव अडकलेला असतो तो शाहू महाराजांच्या कुत्र्याच्या समाधीत. त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला, ही कथा सर साभिनय सांगतात. वाघही तेच, कुत्राही तेच. 'कुत्र्याला पालखी आणि आम्हाला सायकल,' असं नाश्तेवाले पुटपुटतात. परतताना गावच्या वेशीवर चार जिवंत कुत्री पाठीला लागतात तेव्हा सरांचा सल्ला ठरलेला: 'पायडल थांबवा, डोळ्यांत बघू नका. घाबरायचं नाही, यांच्या पूर्वजांना जहागीर होती!' मागून एखाद्याने रिक्षात सायकल घालून पोवई नाका गाठला तर सरांना कळतंच. 'रामशास्त्री प्रभुण्यांच्या माहुलीतून निघालात, आणि ही लबाडी?' त्या माणसाला पुढचे दोन आठवडे राइडच्या शेवटी राहून मागे पडणाऱ्यांना गोळा करायची शिक्षा होते.

सरांच्या सौ. राइडला कधी येत नाहीत. 'ह्यांनी सप्तपदीतसुद्धा तिसऱ्या पावलाला थांबून माहिती सांगितली होती,' असं त्यांनी एकदा कंदी पेढ्यांचा पुडा पुढे करत शांतपणे सांगितलं.

सांगलीच्या सरांची अडचण वेगळी. सांगली सपाट. विश्रामबागेतून निघून गणपती मंदिरापर्यंत माणसाला घामही येत नाही. दम न लागलेल्या लोकांना थांबवायचं कसं? त्यांनी फूट धरले. सायकल चालता चालता ते एकदम ब्रेक मारतात, मागचे दोघे एकमेकांवर आदळतात, आणि सर भिंतीवर हात उंच करून म्हणतात, 'इथवर!' म्हणजे २००५ ला. पुढच्या गल्लीत टाचा उंचावून, 'इथवर!' म्हणजे २०२१ ला. मग कॅरिअरवर चढून, दोघांनी सायकल धरल्यावर, 'आणि इथवर!' ते २०१९.

बाहेरच्याला ही चेष्टा वाटेल, पण ऑगस्टात सांगलीकर एकमेकांना 'कसं काय' विचारत नाही, 'किती फूट झालं?' असं विचारतो. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. सरांना हे आकडे नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ. कुणाच्या घरी चहाला गेले तरी आधी जोत्याकडे बघतात आणि मनातल्या मनात फूट लावून मगच कप उचलतात.

सांगलीला समुद्रकिनारा नसल्याचं वैषम्य त्यांना नाही. 'किनारा म्हणजे काय? पाणी, पायऱ्या, संध्याकाळचा वारा आणि भडंग. चारही आहेत.' सरकारी घाट, माई घाट, विष्णू घाट असे ते एकामागून एक दाखवत नेतात, होड्यांच्या शर्यती कुठे रंगतात ते सांगतात. 'पोहता येतं का?' असं कुणी विचारलं की थोडं थांबून म्हणतात, 'येतं. मगरीलापण येतं.' ही थाप नाही. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत, आणि घाटावर सायकल धुवायला उतरलेला मेंबर त्यानंतर सायकल घरी धुतो.

गणेशदुर्गाच्या तुरुंगापाशी सर शिस्तीचा तास घेतात. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी हा तुरुंग फोडला. 'दादांना गोळी लागली होती, मंडळी. आणि तुमची नुसती चेन पडली तर तुम्ही फोन करून बायकोला बोलावता?' विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' १८४३ ला याच गावात झालं, म्हणून पुढच्या थांब्यावर ते आवाजही नाटकी लावतात. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वर. देवलांचं गाव म्हणून तिथे 'शारदा' आलंच, आणि मग हळदीची पेवं. जमिनीखालच्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं कशी टिकायची आणि २००५ च्या पुराने त्यांची कशी वाट लावली, हे सांगताना सरांचा हात नकळत पुन्हा वर जातो. फूट सुटत नाहीत.

असे हे दोन सर एका रविवारी एकत्र आले. साताऱ्याच्या ग्रुपने 'सातारा ते सांगली महाराइड' जाहीर केली होती. सायकली टेम्पोतून आल्या, माणसं एसटीने. महाराइडचा सायकलवरचा भाग स्टँडपासून आयर्विन पुलापर्यंत होता. पुलावर दोन्ही सरांनी एकाच वेळी शिट्टी वाजवली आणि आम्ही ओळखलं की आता नाश्ता गेला.

पाहुण्या सरांनी सुरुवात केली. 'सांगली म्हणजे मुळात दक्षिण सातारा. १९४९ ला जिल्हा वेगळा केला, तरी नाव आमचंच होतं. १९६० ला सांगली झालं.'

'म्हणजे अकरा वर्षांत सुटलो,' यजमान म्हणाले.

'कृष्णा आधी आमच्याकडून येते.'

'येते की. कोयनेचं पाणी सोडता तुम्ही, आणि बुडतो आम्ही.'

'कोयनेनं काय होतंय? फुगवटा आलमट्टीचा!'

दोन्हीकडच्या मेंबरांनी सायकली कठड्याला टेकवल्या. आलमट्टीवर गेलेला सांगली-साताऱ्याचा माणूस तासाच्या आत परत येत नाही. कुणीतरी शहाणपणाने विषय सायकलकडे वळवला, आणि तिथे तर वणवाच पेटला. कारण सायकल म्हटलं की दोन्ही सर लक्ष्मणराव किर्लोस्करांपाशी येऊन थांबतात. नांगर आणि पंप पुढचे. आधी त्यांनी बेळगावात सायकली विकल्या आणि लोकांना चालवायला शिकवल्या. कारखान्याला माळ दिला तो औंधच्या राजांनी, १९१० ला, कुंडलजवळ.

'औंध साताऱ्यात,' पाहुणे म्हणाले.

'कुंडल सांगलीत,' यजमान म्हणाले.

'राजा आमचा.'

'माळ आमचा.'

'दुकान बेळगावात,' काकूंनी दोघांनाही आठवण करून दिली, आणि सीमाप्रश्न नको म्हणून दोघेही तेवढ्यापुरते गप्प झाले. तेवढ्या शांततेत आम्ही सगळे एकेक करून सटकलो. नाश्तेवाल्यांना गल्ली ठाऊक होती. डॉक्टर कधी नव्हे ते सरासरी विसरून सर्वांत पुढे.

पुलावर दोघेच राहिले. दोन गिअरच्या सायकली, दोन हेल्मेटं, मध्ये उलगडलेले फोटो. सांगलवाडीकडून एक दूधवाला साध्या काळ्या सायकलला दोन्हीकडे कॅन लटकवून येत होता. त्याने पाय टेकला.

'काय झालंय ओ? पंक्चर?'

'नाही,' सांगलीचे सर पुलाच्या दगडावर हात ठेवत म्हणाले, '१९२९.'

दूधवाल्याने दोघांकडे नीट बघितलं आणि कॅरिअरचा पंप काढून दिला.