विकतचा फॉन्ट, फुकटचा ताप

आधी उच्चार. प्रबंध जुळवायच्या या सॉफ्टवेअरला लाटेक म्हणा. लॅटेक्स म्हणालात तर दुकानदार हातमोजे काढून दाखवतो.

काही न सांगता लाटेक जो फॉन्ट देतं तो कम्प्युटर मॉडर्न. डोनाल्ड क्नुथ यांनी स्वतः घडवलेला, आणि फुकट. म्हणून आधी त्याला नाकं मुरडायला शिका. ‘रेघा जरा किरकोळच आहेत, नाही?’ हे वाक्य सहज येऊ लागलं की पाकीट काढा आणि मिनियन प्रो घ्या. हा अडोबीच्या रॉबर्ट स्लिमबाख यांचा. मूळचा मिनियन १९९० चा. प्रबंध पूर्ण व्हायची वाट पाहू नका, तेवढा वेळ कोणाकडे असतो?

पूर्वी विकतचा फॉन्ट बसवणं हे व्रत होतं. मापांच्या फायली वेगळ्या, नकाशाची फाइल वेगळी, आणि नाव आठ अक्षरांच्या आत कोंबलेलं: पीएमएनआर८ए. पी म्हणजे अडोबी, एमएन म्हणजे मिनियन. एक अक्षर चुकलं की व्रत पहिल्यापासून. आता फॉन्टस्पेक नावाचं पॅकेज आहे. बॅकस्लॅश, सेटमेनफॉन्ट, महिरपी कंसात फॉन्टचं नाव, संपलं. फक्त फाइल झीलाटेक किंवा लुआलाटेकने चालवायची. पीडीएफलाटेकने चालवलीत तर फॉन्टस्पेक दारातूनच परत पाठवतं. एडिटरच्या मेनूत एक शब्द बदलायचा असतो. मला तो तीन तासांनी दिसला.

मग आकडे जुन्या वळणाचे करा. ३, ४, ५, ७, ९ ओळीखाली पाय सोडून बसतात. इंग्रजी आकड्यांबद्दल बोलतोय. फार देखणे दिसतात. मार्गदर्शक सर लाल पेनने गोल करून विचारतील, ‘हे घसरले कसे?’

समीकरणांचा बराचसा भाग मात्र कम्प्युटर मॉडर्नमध्येच राहतो. अंगात शेरवानी, पायात रबरी चप्पल. गणितासाठी वेगळी सोय करावी लागते. ती पुढच्या सुट्टीत.

शेवटी आभाराचं पान मराठीत लिहा. मिनियनमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे आईच्या नावाच्या जागी चौकोनांची रांग येईल. देवनागरीसाठी दुसरा, फुकटचा फॉन्ट जोडा आणि छापून आईला दाखवा. माझ्या आईने मिनियनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चष्मा वर करून स्वतःचं नाव वाचलं. ‘लीला’वर बोट ठेवून म्हणाली, ‘अरे, हे ल हिंदीतले आहेत.’

फॉन्टमध्ये मराठी ल होता. भाषा मराठी, एवढं सांगायचं राहिलं होतं.