टक्क्यांचं गाऱ्हाणं

कोकण मंडळ २०१२च्या पहिल्या परीक्षेपासून राज्यात अव्वल. २०२५ला दहावीचा निकाल ९८.८२ टक्के. तरी निकालाच्या आदल्या रात्री मालवणात देवाला गाऱ्हाणं घातलंच जातं. नापासाची नव्हे, टक्क्यांची धास्ती, असं पालक म्हणतील. मानलं. पण टक्के कशासाठी? ओरोसच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं दार नीटचे गुण उघडतात, बारावी बोर्डाचे पात्रतेपुरते. उरली अकरावी. तीही २०२५पासून राज्यभर ऑनलाइन: हाकेवरच्या, जागा रिकाम्या असलेल्या कॉलेजात जायलाही पसंतीक्रम भरा नि यादीची वाट पाहा. म्हणजे गाऱ्हाणं खरं तर सर्व्हरसाठी घालायला हवं. पण सर्व्हर चालला, तरी शेजारच्या पोराला किती पडले हे कळेपर्यंत पेढ्यांची ऑर्डर कोण देणार?