असतंय!

वशीकरण करणारा माणूस आपल्याला सहसा भेटत नाही. तो नेहमी कुठल्यातरी वाडीच्या पलीकडं, ओढ्याच्या अलीकडं राहतो आणि अमावस्या-पौर्णिमेलाच बसतो. आपल्याला भेटतो तो त्याचा पत्ता सांगणारा. कोल्हापुरात दर पेठेत असा एक गृहस्थ असतोच. आमच्या पेठेत मामा आहेत.

मामा एसटीत कंडक्टर होते. राधानगरी, गारगोटी, आजरा, चंदगड, निपाणी, सगळ्या मार्गांवर हयात गेली. कुठल्या थांब्यावर उतरलं की कुठला देवर्षी लागतो, कोण अंगारा देतो, कोण नुसताच कौल लावतो आणि कोण आल्या आल्या कोंबडं मागतो, हे त्यांना टप्प्याटप्प्यानं पाठ आहे. निवृत्त होताना तिकिटाचं मशीन आणि पैशांची बॅग त्यांनी डेपोत जमा केली. हे ज्ञान तेवढं घरी आणलं आणि रोज सकाळी मिरजकर तिकटीजवळच्या चहाच्या गाडीवर ते मोफत वाटतात.

"आपला इश्वास न्हाई," हे मामांचं पहिलं वाक्य असतं. चहाचा घोट घेऊन दुसरं येतं, "पण असतंय."

या दोन वाक्यांच्या मधे मामा आयुष्यभर आरामात राहिलेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्ष एन. डी. पाटील सर कोल्हापुरातच राहायचे. टोलच्या आंदोलनात मामा त्यांच्या मागून चालले, घोषणा दिल्या, घसा बसवून घेतला. सरांच्या अंधश्रद्धेवरच्या भाषणालाही ते पुढच्या रांगेत होते. टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर म्हणाले, "सर बोलले त्यातलं एक अक्षर खोटं न्हाई." आणि चपला शोधता शोधता, "पण असतंय."

पेपरातल्या आणि बसच्या पाठीवर चिकटवलेल्या जाहिरातींचा मात्र त्यांना मनस्वी राग. चोवीस तासांत काम, सवतीपासून सुटका, फोनवर बोला, पैसे आधी पाठवा! "बंगाली बाबा म्हणं! अरं, बंगालातनं आणायला कोल्हापुरात काय कमी हाय?" जगात भारी ते इथलंच असणार. वशीकरण त्याला अपवाद का असावं?

राजारामपुरीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसणारं एक पोरगं मामांकडं आलं तेव्हा मी शेजारीच खारी बुडवत होतो. त्याच्या गल्लीतली मुलगी बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जाते, पोराकडं बघत नाही, एवढीच केस. मामांनी एमबीबीएस झाल्यासारखी चौकशी सुरू केली.

"फोटू हाय?"

पोरानं मोबाईल पुढं केला. मामांनी चष्मा वर केला, खाली केला. "एवढं मोठं डोळं हायत हिचं?"

"न्हाई मामा, फिल्टर हाय."

"मग लिंबू जाणार कुणाकडं?" मामा खरोखरच काळजीत पडले. "बरं, पायाखालची माती?"

"ती मोपेडवर असती. पाय टेकतच न्हाई."

"सिग्नलला टेकत असंल की."

"सिग्नलला डांबर हाय."

मामा थोडा वेळ रस्त्याकडं बघत राहिले. "ह्या रस्त्यांनी सगळं बसवलं बघ," असं म्हणून त्यांनी शेवटी पत्ता सांगितला. कुठली गाडी, कुठल्या फाट्याला उतरायचं, तिथं गाडी थांबत नाही तेव्हा कंडक्टरला आधीच सांगून ठेवायचं, आणि पुलाजवळ कुणाला विचारायचं नाही कारण तिथला एक जण दुसऱ्याच देवर्षीकडं वळवतो. मामा पैसे घेत नाहीत. चहा घेतात.

एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट झालं. मामांच्या हिशेबानं तेव्हापासून नवऱ्यावर उपाय करणं स्वस्त पडतं, बायकोवर करायला निघालेल्याला मात्र अजून पूर्ण तिकीट. सरकारनं यात बाजू घेतली, असं त्यांचं मत आहे.

काम होतं का, असं विचारलं की मामा झालेली कामं सांगतात. चंदगडचा मास्तर, कागलची नर्स, आणि एक फौजदार, ज्याचं नाव ते कानात सांगतात आणि दर वेळी वेगळं सांगतात. न झालेल्या कामांची यादी नसते, कारण मामांच्या मते काम न होणं असं काही नसतंच. लिंबू झाडाचं पाहिजे होतं, यानं बाजारातलं आणलं. मोजलेल्या मिरच्यांतली एक मोडकी निघाली. तिकटीवर ठेवलेला उतारा केएमटीच्या चाकाखाली गेला. हे शेवटचं कारण मला पटतं. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी पेठेतल्या तिकटीवर नारळ, गुलाल लावलेला भात, बिब्बे असं काय काय पडलेलं असतं. माणसं त्याला वळसा घालून जातात, तालमीतली पोरं त्यातला नारळ तेवढा उचलतात आणि फोडून खातात. त्यांच्यावर कुणाचं मन बसल्याचं अजून ऐकिवात नाही.

माझ्या मते या धंद्याचं खरं औषध लिंबात नसतं, पथ्यात असतं. त्या पोराला देवर्षीनं अकरा दिवस तंबाखू बंद सांगितली. पहाटे अंघोळ, धुतलेले कपडे, खोटं बोलायचं नाही, कुणावर ओरडायचं नाही. कुठल्याही पोरानं हे अकरा दिवस पाळलं तर शेजारची म्हैससुद्धा मान वळवून बघेल. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग पथ्य कुणी सांगितलं? त्यानंच की!"

मामांचे नियम पक्के आहेत. लग्न झालेल्या परक्या बाईवर करायचं नाही. नवरा-बायकोनं एकमेकांवर केलं तर तो घरचा मामला. लग्न न झालेल्या पोरीवर करायचं असेल तर लग्नाच्याच इराद्यानं, नुसतं फिरवायला नाही. मी त्यांना सांगितलं की मामा, कौटिल्यानं अर्थशास्त्रात जवळजवळ हेच लिहून ठेवलंय. नको म्हणणाऱ्या बायकोवर नवऱ्यानं, नवऱ्यावर बायकोनं, लग्नाच्या इच्छेनं मुलीवर केलं तर चालवून घ्यायचं. याखेरीज करून कुणाला इजा झाली तर दंड. मामांची छाती फुगली. चहावाल्याला हाक मारून त्यांनी ही बातमी दिली.

"पण पुढं ऐका," मी म्हटलं. "असले उपाय करणाऱ्याला पकडायला तो गुप्तहेर पाठवायचा. हेरानं जायचं, अमक्याच्या सुनेवर माझं मन बसलंय, तिचं मन माझ्याकडं वळवा, हे घ्या पैसे, असं म्हणायचं. त्यानं पैसे घेऊन काम हातात घेतलं की हद्दपार."

मामांचा कप बशीवर टेकला. "मजी अनिसवाले तवापासनं हायत?"

वात्स्यायनाच्या कामसूत्रातलं शेवटचं, सातवं अधिकरण अशाच लेपांचं आणि चूर्णांचं आहे, पण त्यातही तो बजावतो की ज्यात शंका आहे, शरीराला अपाय आहे किंवा जीव मारावा लागतो असे उपाय करू नयेत. जीव मारायचा नाही म्हटल्यावर मामांना तो माणूस एकदम परका वाटायला लागला. "कोंबडं न्हाई? मग काम झाल्यावर जेवायचं काय?"

महाभारताच्या वनपर्वात सत्यभामा द्रौपदीला विचारते, बाई गं, पाच-पाच नवरे तुझ्या शब्दात कसे? व्रत केलंस, मंत्र घातलास की मुळी दिलीस? द्रौपदी तिला चांगलीच फैलावर घेते. बायको असलं काही करते हे कळलं की घरात साप शिरावा तसा नवऱ्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही, आणि असल्या मुळ्या पोटात जाऊन कितीएक पुरुषांना जलोदर झाला, कोड फुटलं, काही आंधळे-बहिरे झाले. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पाच जणांचं करायचं म्हटल्यावर खर्च बी लई," ते म्हणाले.

कायद्याचीही त्यांना माहिती आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. दाभोलकरांचं नाव निघालं की मामा कप खाली ठेवतात, त्या दिवशी "असतंय" म्हणत नाहीत. एवढं त्यांना कळतं. पण गुन्ह्याला मदत करणाराही कायद्यात गुन्हेगारच, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी हात झटकले. "मी काय केलं? मी गाडीचं टायमिंग सांगितलं."

मामींवर मामांचा जुना संशय आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात सासूनं पांढऱ्या रश्श्यातून काहीतरी दिलं, म्हणून आजतागायत आपण पेन्शन आणून मामींच्या हातात ठेवतो, असं ते मानतात. हे मामींच्या कानावर गेलं. मामी भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या नाहीत. "करायचंच असतं तर ह्यास्नीच धरून केलं असतं व्हय? रंकाळ्यावर काय माणसं फिरत नव्हती?"

तर ते पोरगं. लिंबू मुलीच्या उंबऱ्याखाली पुरायचं होतं. ती राहते तिसऱ्या मजल्यावर, उंबऱ्याला टाईल. त्यानं बुद्धी चालवली आणि मोपेडच्या पुढच्या खणात लिंबू ढकललं. चौथ्या दिवशी ती चहाच्या गाडीवर आली. बोटाला पट्टी. मामांच्या पुढ्यात बाकावर तिनं लिंबू ठेवलं. हळद-कुंकू लावलेलं, सात टाचण्या टोचलेल्या, काळ्या दोऱ्यानं फिल्टरच्या फोटोची घडी बांधलेली. बाजारातलंच होतं, मी नीट पाहिलं.

"हे तुमच्या माणसाचं न्हवं, मामा?"

मामा लिंबाकडं बघत राहिले. "पोरी, आपला इश्वास न्हाई ह्याच्यावर."

"मग त्याला पाठवलासा कशाला? माझं मन फिरवायचं ठरलं ते तुम्हाला ठाऊक, चहावाल्याला ठाऊक, त्या देवर्षीला ठाऊक, ह्यांना पण ठाऊक." ह्यांना म्हणजे मला. माझ्या हातातली खारी चहात पडली. "मला एकटीलाच ठाऊक न्हाई. उद्या मी हो म्हटलं असतं तर ते लिंबाचं. न्हाई म्हटलं तर ह्याचे पैसे बुडाले म्हणून राग माझ्यावर. ह्यात मी कुठं हाय?"

कौटिल्यालाही हा प्रश्न सुचला नव्हता. मामांचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"वर सांगते, आठ-दहा दिवस जरा माणसासारखा दिसत होता. तोंडाला वास न्हाई, इस्त्रीचा शर्ट. म्हटलं बोलावं एकदा. तेवढ्यात टाचणी घुसली."

कुणीच बोलेना. चहावाल्यानं गॅस बारीक केला. ती निघाली, दोन पावलं गेली आणि चिडून वळली. "तुमचं एवढं सगळं असतंय ना? मग त्याच्या डोक्यातनं मी जाईन असं पण काय असतंय का?"

मामांच्या चेहऱ्यावर जीव आला. ते बाकावर पुढं सरकले. "हाय की! त्याच माणसाकडं हाय. साडेधाची गाडी पकड, फाट्याला उतरायचं, पुलापाशी कुणाला इचारू नगंस. आन् तुला तर निम्मं तिकीट."