शपथेचा कागद आधी दाखवा

अमेरिकेतल्या कॉलेजांत फ्रॅटर्निटी म्हणजे मुलांची बांधलेली टोळी. ग्रीक अक्षरांचं नाव, राहायला एकत्र घर, गुप्त दीक्षाविधी आणि छातीवर लावायची इवलीशी पिन. सिग्मा काय या फ्रॅटर्निटीची पिन म्हणजे चक्क पांढरा क्रॉस. आणि सभासदत्व पदवीपुरतं नाही, जन्मभराचं.

अल्फा टाऊ ओमेगा 1865 साली निघाली ती यादवी युद्धानं फाटलेली मनं ख्रिस्ती बंधुभावानं सांधायला. हेतू नेक होता, पण त्या बंधुभावात ज्यू मुलाला जागा कुठली? अनेक फ्रॅटर्निटींनी ज्यूंना दार बंदच ठेवलं. मग 1895 मध्ये येलला सर्वधर्मीयांसाठी पाय लॅम्ब्डा फाय निघाली आणि 1898 मध्ये न्यूयॉर्कला ज्यू विद्यार्थ्यांची झीटा बीटा टाऊ. बाहेर ठेवलेल्यांच्या या झीटा बीटा टाऊनं 1954 साली धर्माची अट स्वतःहून काढून टाकली. मोठेपणा म्हणतात तो हा!

टेक्सासात 1985 साली निघालेली बीटा अप्सिलॉन काय ही फ्रॅटर्निटी उघडपणे ख्रिस्ती आहे. तिच्याशी माझं भांडण नाही. ज्याला श्रद्धावंतांतच राहायचंय त्यानं खुशाल राहावं. फक्त कॉलेजचा पैसा मागू नये. हेस्टिंग्ज लॉ कॉलेजातल्या ख्रिस्ती विद्यार्थी संघटनेच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी, हेच सांगितलं: कॉलेजची मान्यता आणि निधी हवा, तर सभासदत्व सर्वांना खुलं ठेवा, असा नियम कॉलेज करू शकतं. मला हे शंभर टक्के पटतं. फी सगळ्यांकडून घ्यायची आणि दार निवडकांनाच उघडायचं, हे कसं चालेल?

खरा राग आहे तो 'जन्मभर' या अटीवर. एकोणिसाव्या वर्षी दीक्षाविधीत देवाला स्मरून घेतलेली शपथ पस्तिशीत खरी उरेलच असं नाही. माणूस वाचतो, प्रेमात पडतो, आईबाप गमावतो. श्रद्धा जाते, कधी नव्यानं येतेही. श्रद्धेची अट जन्मभर लावली, तर 'माझा विश्वास उरला नाही' असं खरं सांगणारा बाहेर पडेल आणि गप्प बसणारा पिन लावून मिरवेल. कोणत्या देवाला हे आवडेल?

आपली मुलंही आता बारावीनंतर तिकडे जातात. एकटी असतात, कुणी 'भाऊ' म्हटलं की विरघळतात. शपथेचे शब्द मात्र बऱ्याच ठिकाणी कानावर पडतात ते थेट दीक्षेच्या रात्री, सगळे भोवती उभे असताना. त्या क्षणी नाही म्हणायची छाती किती जणांची होईल? विधी खुशाल गुप्त ठेवा, पण शपथेचा कागद आठवडाभर आधी मुलाच्या हातात द्या. घरी फोन करून विचारायला तरी त्याला वेळ मिळेल.