पारा वेण्णा लेकवर, मेंढरं पावसात

हिवाळा लागला की मोबाईल तापतात. ‘साताऱ्यात बर्फाचा पाऊस’, ‘सांगलीचा पारा शून्याखाली जाणार’, ‘पुढच्या तीन रात्री घराबाहेर पडू नका’. खाली तारीख नाही, खात्याचं नाव नाही. तरी संध्याकाळपर्यंत भावकीच्या, सोसायटीच्या, शाळेच्या अशा सगळ्या ग्रुपवर तोच मजकूर फिरून येतो.

पडतो का असा पाऊस आपल्याकडं?

नाही पडत. त्यासाठी आभाळात एक खास मांडणी जुळावी लागते. उंचावरून निघालेला बर्फ मधल्या उबदार थरात वितळतो. मग जमिनीलगतच्या शून्याखालच्या हवेतून येताना ते पाणी इतकं गार होतं की फांदीला, तारेला, रस्त्याला टेकताक्षणी त्याचा बर्फ होतो. कराडला पाऊस पडताना जमिनीलगत शून्याखालची हवा आणणार कुठून?

ज्यांच्याकडं ती असते, त्यांना हा पाऊस चांगला ठाऊक आहे. जानेवारी 1998 मध्ये कॅनडाच्या क्वेबेक आणि ओंटारिओ प्रांतांत तो दिवसचे दिवस पडत राहिला. तारांवर बर्फाचं ओझं चढलं, विजेचे मनोरे वाकून कोसळले, लाखो घरं ऐन थंडीत अंधारात गेली. तिकडं स्थायिक झालेल्या मराठी घरांत आजही या पावसाचा अंदाज आला की गाडी बाहेर निघत नाही. त्यांची ती गरजेची खबरदारी. आपल्याकडं तीच बातमी म्हणजे शुद्ध थाप.

थाप मारणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. छापून येतं त्याचं काय?

दर हिवाळ्यात एक फोटो ठरलेला. वेण्णा लेकची जेटी, तिच्यावर पांढरा थर, किंवा गाडीच्या टपावरचा तो थर बोटानं खरवडणारा पर्यटक. वर मथळा: महाबळेश्वरात हिमवर्षाव, पारा शून्यावर. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी 1842 मध्ये गावाला पाणी मिळावं म्हणून बांधून घेतलेलं हे तळं. आता डिसेंबर-जानेवारीत त्याच्याकडं बघितलं जातं ते शून्याच्या आशेनं.

त्याच दिवशीचा वेधशाळेचा आकडा शेजारी ठेवून पाहा. महाबळेश्वरचं किमान तापमान दहा-बारा अंश. मग बर्फ कुठला?

फोटो खोटा नाही, आकडाही खोटा नाही. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, रात्र लांब. अशा वेळी जमीन आणि गवत आपली उष्णता आभाळाकडं सोडून देतात आणि पेटीतल्या हवेपेक्षा कितीतरी गार होतात. त्यात गार हवा जड. ती उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते, आणि वेण्णा लेक आहेच खोलगट. तिथं दव गोठतं. आभाळातून काहीही पडलेलं नसतं.

याच कारणानं कित्येक रात्री साताऱ्याचा किमान पारा महाबळेश्वरच्याही खाली असतो. सुमारे 1,370 मीटर उंचीवरचं गाव उबदार आणि खालचं शहर गारठलेलं. याचा मथळा मात्र कधी होत नाही, कारण साताऱ्यात हॉटेलचं बुकिंग नसतं.

दव गोठतं तेव्हा शेजारीच स्ट्रॉबेरी उभी असते. 2010 पासून भौगोलिक मानांकन मिरवणारं हे पीक जमिनीला चिकटून वाढतं. म्हणजे नेमकं त्याच थरात, जिथलं तापमान वेधशाळेच्या पेटीत दिसत नाही. सकाळी पर्यटक फोटो काढतो आणि शेतकरी काळी पडलेली फुलं तोडतो. फोटोत फक्त जेटी येते.

आता थंडीच्या लाटेची व्याख्या बघा. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली हवं, आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरलेलं हवं. किंवा सरळ 4 अंशांवर वा त्याखाली जायला हवं. डोंगराळ भागात शून्य. शास्त्राला मोजमाप लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जतच्या माळावर साडेदहा अंशांत उघड्यावर झोपलेल्या माणसाला लाट आली की नाही, हे कोण ठरवणार?

खरी गोम तर पुढंच आहे.

आभाळ भरून आलं की रात्रीचं किमान तापमान वाढतं. ढग जमिनीची ऊब वर जाऊ देत नाहीत, वाकळ पांघरावी तसे पसरतात. दुसऱ्या दिवशी बातमी येते: थंडी ओसरली, पारा चार अंशांनी चढला. वाचणारा स्वेटर कपाटात ठेवतो. आणि त्याच ढगातून पाऊस सुरू होतो.

डिसेंबर 2021. महिन्याचे पहिले दोन दिवस. अरबी समुद्राकडून आलेल्या अवकाळी पावसानं मध्य महाराष्ट्र झोडपला. दिवसाचं तापमान एकदम घसरलं, वारा सुटला. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या पट्ट्यात उघड्यावर बसलेल्या शेकडो शेळ्या-मेंढ्या मेल्या. पारा शून्याच्या आसपाससुद्धा नव्हता. बर्फाचा एक कण पडला नव्हता.

मेंढीला मारायला बर्फ कशाला लागतो?

माणदेशातला किंवा जत-आटपाडीकडचा मेंढका पावसाळा संपला की चाऱ्याच्या मागं निघतो. घोड्यावर बिऱ्हाड, मागं कळप, रात्री कुणाच्या तरी मोकळ्या रानात तळ. मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण. त्यावर छप्पर नाही. कोरड्या थंडीत हे चालून जातं. मेंढरं एकमेकांना खेटून बसतात, लोकरीत हवा अडते, ऊब टिकते. तीच लोकर भिजली की अंगाला ओलं पोतं गुंडाळल्यागत होते. वारा त्यातलं पाणी उडवतो आणि पाण्याबरोबर अंगातली ऊब नेतो.

त्यात जतची माडग्याळी मेंढी उंचीपुरी, मटणाला नावाजलेली, पण अंगावर लोकर थोडीच.

आधी कोकरं जातात. ती थरथरतात, मग थरथरायची थांबतात. नवख्याला वाटतं, शांत झाली. मेंढक्याला कळतं की आता ती हातची गेली. बाई पदराखाली घेते, गडी घोंगड्यात घेतो. पण घोंगडी किती आणि कोकरं किती? पावसात शेकोटी पेटत नाही. पहाटे वाघर सोडली तरी मेंढरं उठत नाहीत.

मग पंचनामा. शवविच्छेदन करा, कागद आणा. आपत्तीच्या निकषात मेंढीमागं 4,000 रुपये, तेही एका कुटुंबाला 30 जनावरांपर्यंत. चार हजारांत भरलेली मेंढी कुठल्या बाजारात मिळते, हे निकष लिहिणाऱ्यांनी एकदा आटपाडीच्या बाजारात येऊन दाखवावं.

पावसाचा इशारा तेव्हा दिलेला नव्हता का? होता. हवामान खात्याचं काम आता पूर्वीपेक्षा कितीतरी नेमकं झालंय. 1875 मध्ये स्थापन झालेलं हे खातं, 1928 मध्ये त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. मुख्यालय पुढं दिल्लीला गेलं, पण पुणेकर त्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात. तिथून निघालेला इशारा दोन तासांत मुंबईच्या स्टुडिओत पोचतो. साताऱ्याच्या माळावर तळ टाकलेल्या मेंढक्यांच्या वाड्यापर्यंत तो दोन दिवसांत पोचत नाही.

शिवाय इशाऱ्याचा रंग जिल्ह्याला लागतो. सातारा जिल्हा पिवळा. कुठला सातारा? महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, माणमध्ये 500 च्या आसपास. एकाच रंगात दोघंही रंगवले, तर माणचा माणूस त्या रंगाकडं बघणं सोडून देतो. यात त्याचं काय चुकलं?

बारकाईनं मोजायची सोय नाही, असं कुणी सांगू नये. महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांत दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत. फळपीक विम्याचा दावा मान्य करायचा की नाही, ते या मंडळाच्या आकड्यावर ठरतं. विमा नाकारताना मोजमाप मंडळाचं, सावध करताना जिल्ह्याचं. शेतकऱ्याला ही विभागणी बरोबर कळते.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळला विचारा. 2021 च्या त्याच पावसानं तिथल्या द्राक्षबागा धुतल्या. फुलोऱ्यात, दोड्यात बाग असताना पाऊस आला की घड कुजतात, गळतात, दावण्या रोग घुसतो. फवारणीला ट्रॅक्टर घालावा तर चिखलात चाक रुततं. सहा तास आधी नेमकं कळलं, तर निदान एक फवारा वाचतो किंवा एक बाग वाचते. कोरडी थंडी असेल तर वेगळीच तऱ्हा. मण्याची फुगवण थांबते. रात्री कडाका आणि दिवसा ऊन असलं की हिरवे मणी गुलाबी पडतात, मग भाव पडतो. म्हणून बाया दिवसभर उभ्या राहून एकेका घडाला रद्दीचा कागद गुंडाळतात.

त्या रद्दीत वेण्णा लेकचा फोटोही असतो.

शेतकऱ्याला हवामान समजावून सांगायला कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान केंद्रं काढली होती. देशभरात 199. ती 2024 मध्ये बंद केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रानं ग्रामपंचायतनिहाय अंदाज सुरू केला. आकडा गावाच्या वेशीपर्यंत आणला आणि तो समजावणारा माणूस काढून टाकला. ग्रामपंचायतीच्या संगणकात पाऊस आलेला असतो आणि त्या खोलीला कुलूप असतं.

आणि उसाच्या फडातली माणसं? ती तर कुठल्याच ग्रामपंचायतीची नाहीत.

बीडची, अहिल्यानगरची, आपल्याच जत-आटपाडीची टोळी गळिताला कृष्णाकाठी येते. कारखान्याच्या कडेला कोपी पडतात. बांबू, चटई, वर प्लॅस्टिकचा कागद. पहाटे तीन-चारला उठायचं, दहिवरानं भिजलेल्या फडात शिरायचं. पाचट अंगाला घासतं, कपडे ओले होतात, ते अंगावरच वाळतात. तान्हं पोर बांधाला झोपवलेलं. या माणसांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याणकारी महामंडळ आहे, आणि कारखान्यांनी टनामागं 10 रुपये त्यासाठी द्यायचे आहेत. टनाचा हिशेब आहे ना? मग पावसाळी रात्री डोक्यावर कोरडा पत्रा का नाही?

डिसेंबरात शहरात शेकोटीचे, हुरड्याचे, गुलाबी थंडीचे फोटो निघतात. निघू देत. थंडीची मजा घेण्यात पाप नाही. पण थंडीची बातमी करायची, तर ती किती अंशांवर उतरली एवढ्यावर थांबता येत नाही. रात्री कोण बाहेर होतं? ओलं कोण झालं? वारा कुठून होता? हे तीन प्रश्न विचारायला वार्ताहराला वेण्णा लेकपर्यंत गाडी न्यावी लागत नाही. फलटण-दहिवडी रस्त्याला उतरलं तरी पुरे.

सरकारनं काय करावं याची यादी मोठी आहे आणि ती सरकारला पाठ आहे. म्हणून आता गावांशी बोलतो.

सरपंच, ग्रामसेवक, तुमच्याकडं आता गावापुरता अंदाज येतो. काकड आरतीला आणि निवडणुकीला वाजणारा भोंगा पावसाच्या आदल्या संध्याकाळी पाच मिनिटं वाजवा. पाऊस कधी, वारा किती, एवढंच सांगा. शिवारात कुणाचा तळ पडला आहे हे पोलीसपाटलाला माहीत असतं. त्या वाड्यातल्या एकाचा फोन नंबर लिहून ठेवा आणि आभाळ भरलं की त्याला फोन करा. बाजार समितीचं शेड, शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप, जे रिकामं असेल ते एका रात्रीसाठी उघडा. लेंड्या पडतील. सकाळी झाडून निघतील, आणि खत म्हणून रानात जातील.

कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांनो, तुमच्या कोपींवर टाकायला जाड ताडपत्री लागते. ती डिसेंबरचा पाऊस पडून गेल्यावर नको, गळीत सुरू होतानाच द्या.

आणि वाचकहो, आज रात्री पुन्हा कुणी बर्फाच्या पावसाचा मजकूर पाठवला, तर तो पुढं ढकलू नका. त्याऐवजी गावाबाहेरच्या रानात मेंढरं बसली आहेत का, ते बघून या. ढग असतील तर आजच बघा.